केरबानं मोरवेल फुलवली त्याची गोष्ट

घाटमाथ्यावरच्या एका गावात केरबा नावाचा एक भोळा माणूस होता. भोळा म्हणजे किती? एकदा बाजारात ओळखीचा एक जण त्याला म्हणाला, "थांब जरा, आलोच." आणि एस.टी.त बसून साताऱ्याला निघून गेला. केरबा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिथंच उभा. लोकांनी विचारलं तर म्हणाला, "आलोच म्हणालाय. मी गेलो तर बिचारा खोटा पडंल."

अंगानं मात्र गडी धडधाकट. दोघांचं ओझं एकटा उचलायचा. कामाला नाही म्हणायचा नाही, आणि सांगितलेलं कधी विसरायचा नाही. खरं दुखणं हे शेवटचंच होतं. थोडा विसराळू असता तर पुढचं काही घडलंच नसतं.

घरात तो आणि त्याची आई सगुणाबाई, दोघंच. केरबा पाळण्यात असतानाच बाप गेला होता. केरबाला तिसावं लागलं तरी त्याचं लग्न जमेना. मुलीकडचे यायचे, केरबाशी दोन वाक्यं बोलायचे आणि पोहे तसेच ठेवून उठायचे.

घाटाच्या पायथ्याला हरिबा काळोख्यांची रोपवाटिका होती. हरिबाची बायको वारून बारा वर्षं झालेली. त्याची एकुलती एक लेक हौसा. केरबा तिथं कुंड्या उचलायला जायचा आणि हौसाला तो मनापासून आवडायचा. ती बापाला म्हणाली, "खोटं बोलायला डोस्कं लागतंय. ह्येच्याकडं ते न्हाईच. मग मला भ्या कशाचं?"

हरिबाला वेगळाच घोर होता. एक तर पोरगी गेली की घर खायला उठणार. त्यात जावई असा. शेवटी त्यानं केरबाला बोलावून एक कुंडी त्याच्या हातात दिली.

"ही मोरवेल. रानात कुंपणावर पांढऱ्या फुलांची असती ती न्हवं. ही तिची बागंतली बहीण. जांभळं फूल येतं, ह्या बशीएवढं. लई नाजूक जात. तुळशीच्या लग्नाला मी वर येतो. येलीवर फूल दिसलं तर सुपारी फोडू. येल मेली तर कुंडी परत कर आन हौसाचं नाव पुन्यांदा काढू नगंस."

"काय करायचं हिला, मामा?"

"पाय सावलीत, डोस्कं उन्हात. एवढं एक सांभाळ."

केरबानं कुंडी दारात ठेवली. वेलीच्या बुडाशी चपटे दगड मांडून सावली केली, शेंडा उन्हात सोडला. आठवडाभरात वेल तरारली. इथवर सगळं ठीक चाललं होतं.

मग एके दिवशी सगुणाबाई शेतावरून आली. वैशाखातली दुपार. ती म्हणाली, "अंग मोडून आलंय रं. जरा पडते." केरबानं बघितलं, आईची मान कोमेजल्या वेलीसारखी खाली आलेली. त्यानं लगेच बाज ओढली. पायथा गोठ्याच्या छपराखाली घेतला, उसं अंगणातल्या उन्हात. सगुणाबाई दमलेलीच होती, तिला पडल्या पडल्या डोळा लागला. दिवस कलताना ती उठली, तेव्हा तिला अंगणात दोन केरबा दिसत होते. एकाच केरबानं तिचा जीव टेकीला आणलेला होता.

डोक्यावर पाणी ओतल्यावर ती शुद्धीवर आली आणि म्हणाली, "आरं, थकल्या जिवाला असं उन्हात टाकत्यात व्हय? आत अंधारात निजवायचं. अंगावर वलं फडकं टाकायचं. तळपायाला कांदा चोळायचा. आन दोन दिस कुणी हाक मारायची न्हाई."

"बरं. फुडच्या खेपंला ध्यानात ठेवतो."

आणि त्यानं ठेवलं. चार दिवसांनी उन्हानं वेलीची पानं जरा मलूल झाली. केरबानं कुंडी उचलून माजघराच्या कोपऱ्यात नेली. वरून ओलं फडकं टाकलं. तळपाय कुठले ते काही कळेना, म्हणून त्यानं कुंडीच उपडी करून तिच्या बुडाला कांदा चोळला. मग सांडलेली माती पुन्हा भरली. दोन दिवस आईला तोंड उघडू दिलं नाही. तिसऱ्या दिवशी फडकं काढलं, तर निम्मी पानं पिवळी.

केरबा कुंडी घेऊन घाट उतरला. हरिबानं वास घेतला आणि कपाळाला हात लावला.

"येलीला कांदा कुणी चोळतं व्हय? येलीला आधार लागतोय, केरबा. शेजारी काठी रोवायची. मग सुतळीनं बांधायची. आवळून न्हाई, सैल, इंग्रजी आठाच्या आकड्यागत. आधार दिला की आपली आपण वर चढती."

"बरं, मामा. फुडच्या खेपंला ध्यानात ठेवतो."

केरबानं वेल काठीला बांधली आणि वेल खरंच चढू लागली. त्याला इतका आनंद झाला की तो आणखी कुणाला आधार लागतो का ते बघत गावातून फिरू लागला. देवळाच्या पायऱ्यांशी तात्या गुरव भेटले. देवाची पूजाअर्चा करणारे तात्या आता ऐंशीचे होते. पायरी चढताना लटपटत होते.

"तात्या, आधार देऊ का?"

"दे रं बाबा. देव तुझं भलं करंल."

केरबा पळत जाऊन कळकाची काठी आणि सुतळी घेऊन आला. तात्या डोळे मिचकावत उभे होते तोवर काठी रोवून झाली. मग त्यानं तात्यांना पोटरीपासून खांद्यापर्यंत बांधलं. सैल, आठाच्या आकड्यात. मनाजोगतं झाल्यावर तो घरी जाऊन जेवला. देवळात आरतीची वेळ झाली तरी घंटा वाजेना, तेव्हा लोक शोधायला निघाले. तात्या पहिल्याच पायरीपाशी होते. वर काही चढले नव्हते.

सोडवल्यावर तात्या म्हणाले, "लेका, आधार म्हंजे हाताला धरायचं. चार गोष्टी बोलत सावकाश देवळात न्यायचं. पायरी आली की पायरी आली म्हणून सांगायचं. असा आसतोय आधार."

"बरं, तात्या. फुडच्या खेपंला ध्यानात ठेवतो."

दुसऱ्या दिवसापासून गावाला एक नवीनच देखावा बघायला मिळाला. केरबाच्या कमरेवर कुंडी, दोन बोटांत वेलीचा शेंडा. तो सावकाश देवळाकडं निघालेला आणि तोंडानं चालू, "यंदा पाऊस वेळंवर हाय म्हणत्यात. आमच्या म्हशीला रेडकू झालं. पायरी आली हं." तिसऱ्या दिवशी पायरीवर केरबाच अडखळला. शेंडा त्याच्या बोटांत राहिला आणि कुंडी घरंगळत खाली गेली. कुंडी फुटली नाही हे नशीब. केरबानं शेंडा रुमालात बांधला आणि रडत रडत घाट उतरला.

त्याचं रडं बघून हरिबाही नरमला. "रडू नगं. शेंडा मोडला म्हणून येल मरत न्हाई. विरळ येल तर कापावीच लागती. बुडापासनं वीतभर ठिवायची आन बाकीची सरळ कातरून टाकायची. म्हयन्याभरात दुप्पट दाट हुती." जाताना त्यानं केरबाला एक चांगली धारदार कातरही दिली. ही चूक हरिबाची. ती त्यानं पुढं कबूलही केली.

केरबानं घरी येऊन वीत लावून मोजलं आणि वेल कापली. हरिबाचं खरं होतं. पंधरा दिवसांत बगलेबगलेतून लालसर कोंब फुटले. आता गावचे पोलीस पाटील दौलतराव यांचं सगळं वैभव त्यांच्या मिशीत होतं. त्या दिवशी पारावर बसून ते कुणाला तरी सांगत होते, "हल्ली डावी बाजू जरा विरळ वाटती." एवढं बोलून ते पारावरच आडवे झाले आणि घोरू लागले. केरबा शेजारीच बसला होता. कातर कमरेला होतीच.

त्यानं मिशीला वीत लावून बघितली. मिशी वीतभर भरेना. जी मुळात वीतभर नाही तिच्यातली वीतभर ठेवायची कशी? केरबा बराच वेळ विचारात पडला. मग म्हणाला, पाटलांचं काम आहे, अर्धवट नको. आणि डावी बाजू त्यानं बुडापासून काढली. उजवी चांगली दाट होती, म्हणून तिला हात लावला नाही.

पाटलांनी त्याला वेशीपर्यंत पळवलं. तिथं दोघांनाही दम लागला, तेव्हा पाटील धापा टाकत म्हणाले, "मिशी कापून वाढती व्हय रं, बेण्या? मिशी तुपावर वाढती. रोज सकाळी बोटानं तूप लावायचं, वर पीळ द्यायचा, आन आरशात बघून 'वा रं माझ्या वाघा' म्हणायचं. बारा वर्सं केलंय मी हे."

"बरं, पाटील. फुडच्या खेपंला ध्यानात ठेवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी केरबानं वेलीचे कोंब मोजले. चौदा होते. चौदाही कोंबांना तूप लावलं, अलगद वर पीळ दिला, आईचा आरसा वेलीसमोर धरला आणि चौदा वेळा "वा रं माझ्या वाघा" म्हणाला. आठ दिवस हे चाललं. सगुणाबाई तुपाचा डबा उघडून बघते तर आत बोटांच्या खुणा फक्त. आणि वेलीवर पंचक्रोशीतल्या मुंग्या.

त्याच आठवड्यात हौसा वर बाजाराला आली आणि मुद्दाम वाट वाकडी करून केरबाच्या दारात डोकावली. तुपात माखलेली वेल, मुंग्यांची रांग आणि आरसा धरून बसलेला केरबा बघून ती हसत हसत खालीच बसली. हसता हसता तिला रडू आलं. तुळशीच्या लग्नाला दोनच महिने उरले होते. ह्या माणसाशी आपलं लग्न व्हावं असं तिला फार वाटत होतं आणि वेलीचं लक्षण काही ठीक दिसत नव्हतं. तिनं पदर खोचला, एकेक कोंब पाण्यानं धुतला आणि केरबासमोर उभी राहिली.

"आता फकस्त माझं ऐका. हिला कायबी करू नगा. पाणी आत्याबाई घालतील. तुमी हात लावायचा न्हाई. आपली आपण वर येती का न्हाई बघा."

"बरं," केरबा म्हणाला.

तो वेलीसमोर दोन्ही हात काखेत घालून बसला आणि दोन महिने तसाच राहिला. मध्ये एकदा पाटील चिखलात पाय घसरून केरबाच्या दारासमोरच्या ओढ्याच्या काठावरून खाली गेले. "केरबा, हात दे," म्हणून ओरडू लागले. केरबानं हात काखेतून काढले नाहीत. म्हणाला, "हौसानं हात लावायचा न्हाई म्हणून सांगितलंय. आपलं आपण वर येतंय." पाटील शिव्या देत आपले आपण वर आले. मग हौसाचं चुकलं असं कसं म्हणायचं?

आणि वेल फुलली. केरबानं काही केलं नाही म्हणूनच फुलली, पण फुलली. तुळशीच्या लग्नादिवशी हरिबा वर आला तेव्हा तिच्यावर अकरा फुलं होती. जांभळी, बशीएवढी. हरिबा फुलांकडं बघत राहिला, मग केरबाकडं. शब्द दिलेला होता. त्यानं मुकाट्यानं खिशातून सुपारी काढली.

मार्गशीर्षात लग्न ठरलं, हरिबाच्या दारात. केरबाला वाटलं, मांडवात ही वेल हवी. तो कुंडी उचलायला वाकला तसा हरिबा ओरडला, "हात लावू नगंस. फुललेली येल जागची हलवायची न्हाई. हलवली की रुसती. आधी फुलं गळू द्यायची, थंडी सरू द्यायची. मग कुंडीच्या बुडातनं भुईत गेलेल्या मुळ्यांसकट, खालची माती तशीच ठिवून, चारी बाजूनं खणून, गोणपाटात बांधून उचलायची. मातीचा कण सांडता कामा न्हाई."

"बरं, मामा. ध्यानात ठेवतो."

लग्न झकास झालं. केरबानं कुणाला बांधलं नाही, कापलं नाही, कशावर तूपही ओतलं नाही. संध्याकाळी पाठवणीची वेळ झाली. बैलगाडी जुंपून उभी होती. बायका डोळे पुसत होत्या. हौसा हिरव्या चुड्यात, डोईवर शेवंतीची वेणी, गालात हसत उंबऱ्यापाशी उभी राहिली. केरबानं तिला डोळे भरून बघितलं. मग तो एकटाच गाडीत चढला आणि बैलांना म्हणाला, "चला."

"आरं, नवरी राह्यली," सगुणाबाई ओरडली.

"फुललीया ती, आये. आता हलवली तर रुसंल."

वऱ्हाड थिजलं. सगळ्यांनी हरिबाकडं बघितलं. शब्द त्याचेच होते. खरं सांगायचं तर पोरगी आणखी थोडे दिवस घरात राहील म्हणून त्याला आतून बरंच वाटलं. त्यानं फार ताणून धरलं नाही.

त्यानंतर केरबा दर आठवड्याला बैलगाडी घेऊन घाट उतरून यायचा. हौसा दिसली की तिच्या तोंडाकडं निरखून बघायचा. नवरा आला म्हणून हौसाला हसू फुटायचं. केरबा म्हणायचा, "अजून हाय फुललेली," आणि भाकरी खाऊन परत जायचा. असे दोन महिने गेले. शेवटी माघ सरताना हौसाच्या डोक्यात प्रकाश पडला. त्या दिवशी केरबा आला तेव्हा तिनं हे एवढं तोंड पाडलं.

"गळली," केरबा खुशीत म्हणाला आणि हरिबाकडं वळला. "मामा, न्हेऊ का आता? तुमी सांगितलं तशीच न्हेतो."

हरिबा म्हणाला, "ने बाबा. जपून ने." आणि डोळे कुणाला दिसू नयेत म्हणून तो मागच्या बागेत निघून गेला.

हौसा गाठोडं घेऊन उंबऱ्यावर उभी होती. केरबानं गाडीतून कुदळ काढली, हातावर थुंकला आणि तिच्या चारी बाजूंनी खणायला लागला. हौसानं तेव्हाच खाली उतरायला हवं होतं. पण हा माणूस किती खणतो ते तिला बघायचं होतं. रोपवाटिकेतले दोन गडीही मदतीला आले. मोठी झाडं फळ्यांवरून सरकवून गाडीत चढवायची त्यांना सवयच होती. मालकांनी सांगितलंय म्हटल्यावर त्यांनी पुढं काही विचारलं नाही. उंबरा सुटला तशी त्यात बसवलेली चौकटही सुटली. वरची दहा-बारा कौलं ढासळली, ती केरबानं बाजूला नीट रचून ठेवली. मग माती, उंबरा, चौकट, दाराची फळी आणि मधे उभी हौसा, असं सगळं गोणपाटात बांधून गाडी घाटाला लागली.

हरिबा बागेतून आला आणि पडवीत उभा राहिला. घर उघडं टाकून मागं पळायचं कसं, म्हणून तो आधी कुलूप शोधू लागला. कुलूप सापडलं. ते लावायचं कशाला ते सापडेना.

इकडं गावात सगुणाबाई दर खेपेसारखी आपल्या दारात तांदळानं भरलेलं माप घेऊन सुनेची वाट बघत होती. सून आली ती स्वतःच्या दारासकट. केरबानं थंडी सरत आली तसा अंगणात आधीच खड्डा खणून ठेवला होता. गावकऱ्यांनी हात लावला, उंबरा खड्ड्यात बसला, चौकट ताठ उभी राहिली. केरबानं भोवती माती दाबली आणि कळशीभर पाणी घातलं.

"आरं, तिला घरात घे," सगुणाबाई कळवळून म्हणाली.

"न्हाई आये. आता लागलीया. हलवायची न्हाई."

हौसाची हसून हसून मुरकुंडी वळली होती, तिला बोलता येईना. बायका काकुळतीला आल्या. दिवस मावळायला आला होता. माप ओलांडायचा मुहूर्त दिवस मावळायच्या आतला, तो टळत होता. शेवटी तात्या गुरव काठी आपटत पुढं झाले. "लई झालं. मुहूर्त चाललाय. माप लवंडून कुणीतरी उंबरा वलांडल्याबिगर लग्न पुरं हुत न्हाई. उरका आता."

"कुणीतरी वलांडायचा?" केरबानं विचारलं.

"व्हय रं बाबा, कुणीतरी."

हौसाला तर हलवायची नव्हती. केरबानं इकडंतिकडं बघितलं. आईच्या हातात माप होतंच. त्यानं ते अंगणातल्या उंबऱ्यावर ठेवलं, आईला दोन्ही हातांनी अलगद उचललं आणि हौसाच्या शेजारून पलीकडं ठेवलं. जाताना सगुणाबाईच्या पायानं माप लवंडलं आणि तांदूळ पसरले.

"झालं," केरबा म्हणाला.

 तात्यांनी उंबऱ्याकडं बघितलं, तांदळाकडं बघितलं, सगुणाबाईकडं बघितलं. मग कपाळावरचा घाम पुसून म्हणाले, "आरं केरबा, हा उंबरा हरिबाच्या घरचा. हा वलांडून बाई आत गेली, म्हंजे ती हरिबाच्या घरची झाली. तू बायकू आणायला गेलास आन आई दिऊन बसलास."

तेवढ्यात घाट चढून हरिबा धापा टाकत अंगणात शिरला. त्याच्या एका हातात कुलूप होतं. माझं घर कुठाय म्हणून ओरडायला त्यानं तोंड उघडलं. समोर त्याचंच दार उभं होतं. दारात त्याची लेक पोट धरून हसत होती. आणि तिच्यामागं, पायाशी तांदूळ सांडलेली, डोईवरचा पदर सावरत, लाजेनं लाल झालेली सगुणाबाई.

शेजारच्या बाईनं त्याला सगळं सांगितलं. हरिबानं ऐकून घेतलं. उघडलेलं तोंड त्यानं मिटलं. मग डोक्यावरचं पागोटं नीट बसवलं, कुलूप खिशात टाकलं आणि खाकरून विचारलं, "मग काय, गाडी परत जुंपायची का?"